दोर नाही, मग पिंजरा वर येतो कसा?

प्रश्न : देवमासे वाचवण्यासाठी अमेरिकेत दोराशिवाय मासेमारी करण्याच्या साधनांची चाचणी चालू आहे, असं वाचनात आलं. समुद्राच्या तळाशी टाकलेलं साधन दोर नसेल तर वर काढणार कसं? एवढ्या अवाढव्य प्राण्याला बोटभर जाडीचा दोर तोडता येत नाही का? आणि आपल्या कोकणात असं काही का होत नाही? आम्ही घाटमाथ्यावरची माणसं, समुद्राशी संबंध सहलीपुरता. प्रश्न बाळबोध वाटला तर क्षमा असावी.
– एक वाचक, कुसगाव (ता. मावळ, जि. पुणे)

उत्तर : प्रश्न मुळीच बाळबोध नाही. कुठलाही मच्छीमार हे साधन पाहून पहिल्यांदा हेच विचारेल. आणि समुद्राशी संबंध नाही असंही म्हणू नका. तुमच्याकडची इंद्रायणी पूर्वेला वाहत भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला मिळते. शेजारच्या वळवण धरणात अडवलेलं पाणी मात्र खोपोलीच्या वीजघरातून खाली उतरतं आणि पाताळगंगेतून अरबी समुद्राकडे जातं. दोन्ही समुद्रांशी नातं असलेला असा मुलूख शोधूनही फारसा सापडायचा नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. तुम्ही वाचलेली बातमी जाळ्यांची नाही, पिंजऱ्यांची आहे. हे आधी लक्षात घेतलं की निम्मा गोंधळ मिटतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मेन आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत, लॉब्स्टरची मासेमारी फार मोठी आहे. लॉब्स्टर म्हणजे आपल्या शेवंडीचा थंड पाण्यातला, मोठ्या नांग्यांचा भाऊबंद. त्याला पकडायला तारेच्या जाळीचे पिंजरे असतात. आत आमिष म्हणून माशांचे तुकडे घालून पिंजरा तळाशी सोडतात आणि काही दिवसांनी उचलतात. कधी एकेकटा पिंजरा असतो, कधी दहा-वीस पिंजऱ्यांची एका दोरात ओवलेली माळ. पिंजऱ्यापासून निघालेला उभा दोर थेट वरपर्यंत येतो आणि त्याच्या टोकाला रंगीत बोया तरंगत असतो. मेनमध्ये एका मच्छीमाराला ८०० पर्यंत पिंजरे टाकता येतात आणि असे परवानाधारक हजारो आहेत. म्हणजे हंगामात तिथलं पाणी वरून मोकळं दिसलं, तरी आत दोरांचं रान उभं असतं.

या उभ्या दोराची कामं दोन. एक, पिंजरा वर ओढणं. दुसरं, ‘इथे खाली माझा माल आहे’ हे स्वतःला आणि इतरांना सांगणं. तुमचा प्रश्न पहिल्या कामाबद्दल आहे. ते काम यंत्राने बरंचसं जमवलं आहे. खरी अडचण दुसऱ्या कामाची आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

आधी देवमासा दोरात सापडतो कसा, ते पाहू. अनेकांना वाटतं की देवमासे आवाज सोडून प्रतिध्वनीवरून समोरची वस्तू ओळखतात, मग त्यांना दोर कळायला हवा. ही क्षमता दात असलेल्या जातींची आहे, म्हणजे डॉल्फिन, स्पर्म व्हेल वगैरेंची. ज्यांच्या तोंडात दातांऐवजी पट्ट्यांची गाळणी असते, त्या मोठ्या देवमाशांना ती नाही. निळा देवमासा, हंपबॅक आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे तो उत्तर अटलांटिक राइट व्हेल, हे सारे दुसऱ्या गटातले. राइट व्हेल तोंड उघडं ठेवून संथपणे पुढे पुढे पोहतो आणि पाण्यातले काही मिलिमीटरचे कोपेपॉड नावाचे जीव गाळून खातो. पाणी गढूळ असतं, खोलीवर उजेड नसतो आणि तोंड उघडं असतं. अशात दोर जबड्यात आला की तो दचकून अंग फिरवतो. दाव्यात पाय अडकलेलं वासरू जितकं उसळतं तितका फास आवळत जातो, तसंच इथे होतं. वल्ह्यासारख्या पुढच्या परांना, शेपटीला, तोंडाला वेढे पडत जातात.

मग एवढं बळ असून तो दोर तोडत का नाही? तोडतो, आणि बऱ्याचदा तोडतो. या जातीच्या ८० टक्क्यांहून अधिक देवमाशांच्या अंगावर दोराचे जुने व्रण आहेत. म्हणजे ते आयुष्यात एकदा तरी अडकून सुटले आहेत. पण १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर कृत्रिम धाग्यांचे दोर अधिक मजबूत होत गेले आणि सुटणं अवघड होत गेलं. शिवाय दोर तुटला तरी तो पिंजऱ्याच्या बाजूला तुटतो. अंगावरचे वेढे तसेच राहतात.

‘अडकला म्हणजे गुदमरून मेला’ हाही समज दुरुस्त करायला हवा. लहान डॉल्फिन जाळ्यात सापडला तर त्याला श्वासासाठी वर येता येत नाही आणि तो काही मिनिटांतच मरतो. मोठा देवमासा मात्र दोर, बोये, कधी पिंजरेही ओढत पुढे जात राहतो. प्रत्येक फटकाऱ्याला जास्त ताकद लागते, तोंडात दोर असल्यामुळे नीट खाता येत नाही, दोर हळूहळू मांसात रुततो. मरण यायला कित्येक महिने लागतात. जानेवारी २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर राइट व्हेलची तीन वर्षांची एक मादी मृतावस्थेत किनाऱ्याला लागली. तिच्या शेपटीच्या मुळाशी दोर खोल रुतला होता. ती अडकलेली पहिल्यांदा दिसली होती ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष ती तो दोर वागवत फिरत होती. त्या दोरावर जांभळ्या खुणा होत्या. तिकडे प्रत्येक राज्याच्या दोराला खुणेचा रंग ठरवून दिलेला आहे आणि जांभळा रंग मेनचा. दोर कुठल्या राज्याचा, हे त्यामुळे कळलं.

एका मादीच्या मरणाची एवढी चर्चा का, असं वाटेल. उत्तर अटलांटिकमध्ये हे देवमासे आता सुमारे ३८० उरले आहेत आणि त्यातल्या पिल्लं देणाऱ्या माद्या जेमतेम सत्तरच्या आसपास. एकट्या २०१७ सालात १७ मेलेले आढळले. त्यामागे समुद्राचं तापमान होतं. मेनच्या आखातातलं पाणी वेगाने तापत गेलं, त्यामुळे थंड पाण्यातले कोपेपॉड कमी झाले, आणि त्यांच्या शोधात देवमासे उत्तरेला कॅनडाच्या सेंट लॉरेन्सच्या आखातात जाऊ लागले. तिथे जहाजांची वर्दळ होती, खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे जाड दोर होते, आणि देवमाशांसाठी कुठलेच नियम नव्हते, कारण तोवर ते तिथे इतक्या संख्येने येतच नव्हते. काही जहाजांच्या धडकेने मेले, काही दोरांनी.

यावर उपाय टप्प्याटप्प्याने आले. पहिला सोपा उपाय म्हणजे देवमासे येतात त्या काळात त्या भागात दोर टाकायला बंदी. मॅसॅच्युसेट्सच्या उपसागरात फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत ती असते. कॅनडात देवमासा दिसला किंवा त्याचा आवाज पाण्याखालच्या यंत्रांनी टिपला, की तो भाग पंधरा दिवस बंद होतो. देवमाशाच्या दृष्टीने हे उत्तम, पण मच्छीमाराच्या हाती ऐन हंगामात शून्य. दुसरा उपाय कमकुवत दोरांचा. सुमारे ७७० किलोचा ताण आला की तुटेल असा दोर किंवा दोरात तसे जोड वापरायचे. पूर्ण वाढलेला देवमासा तो तोडू शकतो. पिल्लाला ते जमेल याची खात्री नाही आणि अडकताना होणारी इजा तर टळतच नाही. तेव्हा तिसरा विचार पुढे आला : पिंजरा पाण्यात असेपर्यंत दोर उभाच राहू द्यायचा नाही.

म्हणजे दोर असतो. माळेतल्या पिंजऱ्यांना जोडणारा तळावरचा दोर तर असतोच, वर ओढायचा दोरही बहुतेक प्रकारांत असतो. फक्त तो गुंडाळून तळाशीच ठेवलेला असतो. माळेच्या टोकाच्या पिंजऱ्याला एक चौकट जोडतात. तीत दोराचं वेटोळं, बोया आणि बोयाला खाली धरून ठेवणारी एक विद्युत कडी असते. बोट परत आली की मच्छीमार पाण्यात एक ध्वनियंत्र सोडतो आणि बटण दाबतो. त्यातून ठरावीक सांकेतिक आवाज निघतो. तळावरच्या कडीला फक्त आपलाच संकेत ओळखता येतो. तो ऐकला की ती उघडते, बोया सुटतो आणि दोर उलगडत वर येतो. पुढे नेहमीसारखं यंत्राने ओढून घ्यायचं. आठवडाभर पाण्यात उभा राहणारा दोर आता काही मिनिटंच उभा राहतो.

आवाजच का, रेडिओ लहरी का नाहीत? खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी काही अंतरातच विरून जातात, म्हणून मोबाइल किंवा जीपीएस तळाशी चालत नाही. आवाज मात्र समुद्रात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. शंभर मीटर खोलीवरच्या कडीपर्यंत संकेत पोचायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही.

दुसऱ्या एका प्रकारात दोर जवळजवळ नसतोच. पिंजऱ्यावर रिकामी पिशवी आणि दाबलेल्या हवेची नळकांडी असते. संकेत मिळाला की पिशवी फुगते आणि पिंजऱ्यासकट वर येते. तिसरा प्रकार स्वस्त आणि साधा आहे. खाऱ्या पाण्यात ठरावीक दिवसांत गंजून तुटेल अशी धातूची कडी बोयाला लावायची. यात अडचण एवढीच, की कडी तुटायच्या दिवशी वादळ असलं तर बोया आपला वर येऊन बसतो आणि बोट बंदरातच राहते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या शेवंडीच्या मासेमारीत बोये पाण्याखाली ठेवण्याच्या अशा युक्त्या बरीच वर्षं वापरात आहेत. तिथे त्या पहिल्यांदा वापरण्यामागे पिंजऱ्यांची चोरी आणि जहाजांनी दोर कापले जाणं हीही कारणं होती. मच्छीमाराला स्वतःचा फायदा दिसला की साधन त्याच्या हाती टिकतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

चाचण्या कशा चालतात? अमेरिकेच्या सागरी मत्स्यविभागाने अशा साधनांचा एक संग्रह केला आहे. वाचनालयातून पुस्तक न्यावं तसं मच्छीमार तिथून साधन नेतात, आपल्याच बोटीवर वापरतात आणि काय बिघडलं, किती वेळ लागला, ते कळवतात. बंदी असलेल्या काळात उभ्या दोराला मज्जाव असतो, पण ही साधनं वापरणाऱ्यांना प्रायोगिक परवान्यावर तिथे मासेमारी करू देतात. कॅनडातही खेकडे पकडणाऱ्यांना अशी साधनं वापरायला मिळतात. कॅलिफोर्नियात २०१४ ते २०१६ या काळात समुद्र तापला, हंपबॅक देवमासे खाण्यासाठी किनाऱ्याजवळ आले आणि खेकड्यांच्या दोरांत मोठ्या संख्येने अडकले. त्यानंतर तिथेही चाचण्या सुरू झाल्या. माझ्या मते या कामातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच आहे की परीक्षा प्रयोगशाळेत न होता मच्छीमारांच्या बोटीवर, त्यांच्या हातून, थंडीवाऱ्यात होते. बहुतेक वेळा बोया वर येतो. कधी दोर गुंततो, कधी चौकट चिखलात रुतते, कधी कडी संकेत ऐकतच नाही. मग काटेरी लोखंडी गळ तळावरून फिरवून माळ शोधावी लागते. दिवसाला शेकडो पिंजरे उचलणाऱ्या माणसाला प्रत्येक माळेमागे लागणारी जादा मिनिटंही जड जातात.

आता दुसऱ्या कामाची अडचण. पाण्यावर बोया नसेल तर खाली कुणाची माळ आहे हे इतरांना कळणार कसं? दुसरा मच्छीमार आपली माळ त्याच्यावर आडवी टाकेल. ट्रॉलर तळ खरवडत येईल आणि पिंजऱ्यांसकट सगळं ओढून नेईल. यावर उपाय म्हणजे माळ टाकतानाच तिची जागा जीपीएसवरून नोंदवायची आणि ती इतर बोटींच्या पडद्यावर दिसेल अशी सोय करायची. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची भाषा कळली पाहिजे, प्रत्येक बोटीवर पडदा हवा, आणि कायदा राबवणाऱ्या गस्ती पथकालाही तळावरची माळ तपासता आली पाहिजे. शिवाय आपली हमखास मासळीची जागा शेजारच्या बोटीला आयती दाखवायची, हे कुठल्याही तांडेलाला पटणं कठीण. हे आपल्या कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

खर्चही आहेच. एका संचाला काही हजार डॉलर लागतात आणि बोटीवरच्या यंत्राचे वेगळे. वीस पिंजऱ्यांच्या माळेला एक-दोन संच पुरतात, म्हणून खोल समुद्रातल्या मोठ्या बोटींना हे परवडण्याची शक्यता तरी आहे. पण मेनच्या किनाऱ्यालगत खडकाळ तळावर एक-एक, दोन-दोन पिंजरे टाकणाऱ्या छोट्या मच्छीमाराला जवळजवळ प्रत्येक पिंजऱ्यासाठी संच घ्यावा लागेल. त्याचा विरोध आडमुठेपणाचा नाही, हिशेबाचा आहे. हा विरोध इतका तीव्र झाला की डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने लॉब्स्टरच्या मासेमारीवरचे नवे कडक नियम २०२८ अखेरपर्यंत पुढे ढकलले. त्या अवधीत साधनं स्वस्त आणि भरवशाची करायची, अशी अपेक्षा आहे. देवमाशाला मात्र ही मुदत परवडणारी नाही. म्हणून चाचण्यांना सरकारने पैसा आणि वेग दोन्ही द्यायला हवेत, यात मला शंका वाटत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : कोकणात हे का नाही? सरळ उत्तर असं की कोकणात उभ्या दोराच्या पिंजऱ्यांची मासेमारी जवळजवळ नाहीच. आपल्याकडे शेवंडही जाळ्यातच येते. गिलनेट, डोल, ट्रॉल, पर्ससीन, रापण ही इथली साधनं. तेव्हा बटण दाबून बोया वर आणणारं यंत्र उद्या कुणी रत्नागिरीला फुकट आणून दिलं, तरी त्याने इथला एकही देवमासा वाचणार नाही. इथला धोका जाळ्याचा आहे, विशेषतः समुद्रात भिंतीसारखं उभं राहून प्रवाहाबरोबर सरकणाऱ्या गिलनेटचा, आणि तुटून बेवारस फिरणाऱ्या जाळ्यांचा.

‘आपल्याकडे देवमासे असतात तरी का?’ असं घाटावरच नाही, किनाऱ्यावरही विचारलं जातं. असतात. २०१५ मध्ये कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांना सिंधुदुर्गच्या समुद्रात निळे देवमासे दिसले, त्यात एका मादीबरोबर पिल्लूही होतं. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला ४२ फुटांचा निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं. गावकरी, वनखातं आणि इतर यंत्रणांनी मिळून ते खोल समुद्रात ओढून नेलं, पण ते पुन्हा मृतावस्थेत किनाऱ्याला आलं. मात्र किनाऱ्याला लागलेला प्रत्येक देवमासा जाळ्याचा बळी असतो असं नाही. जहाजाची धडक, आजार, आईपासून ताटातूट, अशी अनेक कारणं असतात. शवविच्छेदनाशिवाय निष्कर्ष काढणं चुकीचं.

अरबी समुद्रात मात्र राइट व्हेलइतकीच नाजूक अवस्था असलेली एक वस्ती आहे, ती हंपबॅक देवमाशांची. जगभरचे हंपबॅक थंडीत उष्ण पाण्यात आणि उन्हाळ्यात ध्रुवाकडे असे हजारो किलोमीटर ये-जा करतात. अरबी समुद्रातले मात्र वर्षभर इथेच राहतात आणि सुमारे ७०,००० वर्षांपासून इतरांपासून वेगळे पडले आहेत, असं त्यांच्या जनुकांवरून दिसतं. १९६६ मध्ये सोव्हिएत शिकारी ताफ्याने यातले २४२ मारले. आज ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्या आत असावी असा अंदाज आहे, आणि तपासलेल्यांपैकी ३० ते ४० टक्क्यांच्या अंगावर मासेमारीच्या साधनांत अडकल्याच्या खुणा आढळल्या आहेत. ते ओमानचेच, असं समजून सोडून देऊ नका. ‘लुबान’ नावाच्या एका मादीला नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानमध्ये उपग्रह-यंत्र लावलं, तेव्हा ती महिन्याभरात सुमारे १,५०० किलोमीटर अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली, तिथून दक्षिणेला कन्याकुमारीच्या दिशेने गेली आणि पुन्हा माघारी परतली.

लहान जातींचं नुकसान त्याहून मोठं आहे. हिंदी महासागरात ट्यूनासाठी टाकलेल्या गिलनेटमध्ये १९५० ते २०१८ या काळात सुमारे ४१ लाख डॉल्फिन आणि इतर लहान देवमासे सापडले असावेत, असा एक शास्त्रीय अंदाज आहे. त्यावर मिळालेला उपाय दोर नसलेल्या पिंजऱ्याच्या मानाने अगदी साधा आहे. पाकिस्तानच्या मच्छीमारांनी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मदतीने जाळ्याची वरची कड पृष्ठभागाला न ठेवता दोन मीटर खाली ठेवून पाहिली. २०१३ ते २०१७ मधल्या नोंदींत डॉल्फिन सापडण्याचं प्रमाण तीन-चतुर्थांशांहून अधिक कमी झालं, आणि ट्यूनाच्या मिळकतीत म्हणावा असा फरक पडला नाही. यंत्र नको, बॅटरी नको. बोया आणि जाळं यांच्यातल्या दोराची लांबी तेवढी वाढवायची. कराचीहून निघालेल्या बोटींना जे जमलं ते आपल्याकडच्या गिलनेटवर तपासून पाहायला हवं. आपली मासळी वेगळी, खोली वेगळी, त्यामुळे जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण चाचणीचा खर्च फार नाही.

आणि महाराष्ट्रात काहीच होत नाही असंही नाही. डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक योजना आहे. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर फोटो किंवा चित्रीकरणाच्या पुराव्यावर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष मिळून ती राबवतात. त्याआधी गुजरातेत व्हेल शार्कसाठी अशीच भरपाई सुरू झाली होती. आपल्याकडे या योजनेतून सुटणाऱ्यांत सर्वाधिक कासवं असतात, मग व्हेल शार्क. देवमासे आणि डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे जाळ्यात असा प्राणी आला की पूर्वी मच्छीमाराला पहिली भीती गुन्ह्याची वाटायची आणि तो गप्प राहायचा. भरपाईचा आकडा जाळ्याच्या खऱ्या किमतीपुढे अनेकदा अपुरा पडतो, तो वाढायला हवा. पण या योजनेने मच्छीमाराला तोंड उघडायला लावलं, हे तिचं मोठं काम आहे. कुठे, कुठल्या जाळ्यात, कुठल्या महिन्यात काय सापडतं हे कळल्याशिवाय कुठलाच उपाय नेमका ठरवता येत नाही.

बाजाराचाही रेटा येतो. कासवाला ट्रॉलच्या जाळ्यातून निसटायला वाट देणारी ‘टेड’ नावाची जाळीदार चौकट आपल्याकडे सक्तीने वापरली जात नाही, म्हणून समुद्रातून पकडलेली भारतीय कोळंबी अमेरिकेने २०१९ पासून घेणं थांबवलं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या कोळंबीला साजेशी चौकट तयार केली आहे, तरीही मासळी निसटेल म्हणून ट्रॉलरवाले कचरतात. लॉब्स्टरवाल्यांची भीती आणि ही भीती एकच आहे. तिला उत्तरही एकाच मार्गाने मिळतं : त्यांच्याच बोटीवर, नुकसान झालं तर सरकारने भरून देऊन, तपासून पाहणं.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. अलिबागला किंवा गणपतीपुळ्याला गेलात आणि किनाऱ्याला लागलेला देवमासा किंवा डॉल्फिन दिसला, तर आधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तो जिवंत असेल तर डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं ठेवा, त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. अंगावर ओलं कापड टाका, पण छिद्रावर नको. शेपटीला किंवा परांना धरून ओढू नका, शेपटीच्या जवळ उभेही राहू नका, आणि गर्दीला लांब ठेवा. मेलेला असला तरी कळवा, कारण मरणाचं कारण ताज्या शवावरूनच नीट कळतं. अंगावर दोर किंवा जाळ्याचा तुकडा अडकलेला असेल तर तो कुणालाही काढून नेऊ देऊ नका. तो कुठल्या साधनाचा आहे, हे तपासणाऱ्यांना त्यावरूनच शोधता येतं.